भित माजी हाय, सायेब

बाई, परवा तालुक्याहून एक आदेश निघाला आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. जूनमध्ये शाळा भरल्या की खोऱ्यातल्या प्रत्येक शाळेनं पहिलीच्या मुलांची स्वतःची वाक्यं, ती बोलतात तशीच, गावातल्या भिंतींवर लिहायची आणि वाचायला शिकवायची सुरुवात तिथून करायची, असा तो आदेश. भिंतीवरच्या एका 'म्या'साठी तुम्हाला जिथं जाब विचारायला बोलावलं होतं, त्याच कार्यालयातून निघालेला. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याकडं शिकलेल्यांची पोरं कॉलेजात गेली. आपल्या तालुक्याला राजगडाचं नाव दिलंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसलंय. आणि मी भोर डेपोला कंडक्टर आहे. हे लिहितेय तेही डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. समोर चहा निवत चाललाय.

तुम्ही आमच्या वाडीत आलात तेव्हा मी तिसरीत होते. मागं डोंगर, पुढं भातखाचरं, एसटी फाट्यापर्यंत आणि तिथून पुढं पायी. आधीचे गुरुजी वाईट नव्हते, पण दुपार कलली की त्यांचा जीव घड्याळात अडकायचा, कारण संध्याकाळची गाडी चुकली तर रात्र इथंच काढावी लागायची. तुम्ही मात्र भोरहून आलात त्या एक ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊनच, आणि पहिला प्रश्न विचारलात तो राहायला खोली कुठं मिळेल हा. तुमचे वडील कचेरीत, भाऊ कचेरीत, घरात नळ. अशा घरातली बाई आमच्या वाडीत राहणार हे कुणाला खरंच वाटेना. देवळापाशी बसलेल्या माणसांत सरपंच म्हणाले, "दिवाळीपातूर टिकल्या तर लई झालं." तुमच्या कानावर ते गेलं. तुम्ही वळून म्हणालात, "कुठल्या दिवाळीपर्यंत, ते नाही सांगितलंत." सगळे हसले, सरपंचही हसले, आणि संध्याकाळी त्यांच्याच घरून तुम्हाला पाण्याची कळशी आली.

मला त्या वेळी वाचता येत नव्हतं. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मला पुस्तक पाठ होतं. दुसरी मुलं वाचायची ते ऐकून ऐकून सगळं डोक्यात बसलेलं. ओळीखालून बोट सरकवत मी धडाधड म्हणून टाकायचे आणि शाबासकी घेऊन बसायचे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्याशेजारी येऊन मांडी घालून बसलात आणि पानावरच्या चित्रावर तळहात ठेवलात. झालं. चित्र दिसेना तर धडा कुठला तेच मला कळेना. वर्ग खिदळायला लागला. आता छडी, असं वाटून मी हात पुढं केला. तुम्ही पुस्तक मिटून बाजूला ठेवलंत आणि विचारलंत, "आज सकाळपासून काय काय केलंस?"

"काय न्हाई."

"काहीच नाही? मग पाय का लंगडतोय?"

"म्या शेरडं सोडली व्हती. येक शेरडू करवंदीत अडाकलं. त्येला काडताना काटा मोडला पायात."

तुम्ही उठलात, फळा पुसलात आणि मी बोलले तसंच्या तसं मोठ्या अक्षरांत लिहिलंत. 'म्या'चं 'मी' केलं नाहीत, 'अडाकलं'चं 'अडकलं' केलं नाहीत. पट्टी माझ्या हातात दिलीत. "हे तू बोललीस. आता तूच वाच." मी फळ्यापुढं उभी राहते. ते माझंच आहे, त्यामुळं पुढं काय येणार ते मला ठाऊक आहे. फक्त ते कुठं आहे ते शोधायचंय. पट्टी हळूहळू सरकते. आणि एकदम मला दिसतं. मी ओरडते, "बाई, ह्ये शेर दोनदा आलंय! शेरडंत बी हाय आन् शेरडूत बी हाय!" तुम्ही म्हणता, "आहेच की. आणि काटा कुठाय?" काटा सापडतो, आणि त्याच्या आधीच्या 'काडताना'त तसाच 'का' सापडतो. तो क्षण मला आजही नीट सांगता येत नाही, बाई. म्हशीनं एकाएकी पान्हा सोडावा आणि भांडं भरायला लागावं तसं काहीतरी झालं. दुपारपर्यंत मी 'का' असलेलं जे दिसेल ते वाचत सुटले होते.

मग सगळ्यांनाच आपापलं वाक्य पाहिजे झालं. फळा एक, मुलं पुष्कळ, आणि आपलं वाक्य पुसलं की बारकी पोरं भोकाड पसरायची. तेव्हा तुम्ही चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन घरोघर निघालात. "तुमची भिंत द्याल का?" असं विचारणारं माणूस वाडीनं कधी पाहिलं नव्हतं. "भितीवर निवडणुकीचं लिव्हत्यात, न्हाईतर खताचं," असं म्हणत म्हणत लोकांनी भिंती दिल्या. आमच्या मातीच्या भिंतीवर माझं शेरडू आलं. आमच्या शेजारच्या भिंतीवर त्या घरातल्या नातवानं सांगितलेलं आलं: 'आजी लई घोरती.' आजी कडाडल्या, "घरातलं बोलनं समद्या गावाला दावता व्हय?" तुम्ही लगेच पुसायला निघालात. पण तेवढ्यात नातवानं ते वाचून दाखवलं, एकेका अक्षरावर हात ठेवून. आजींनी बादली तुमच्या हातातून काढून घेतली. नंतर पाहुणा आला की त्या स्वतः त्याला भिंतीपाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, "ह्ये आमच्या नातवाचं."

संध्याकाळी गुरं परतायच्या वेळी आम्ही पोरं घरोघर वाचत हिंडायचो. कुणाच्या घरी काय झालं ते भिंतीवर कळायचं. मोठी माणसं आधी कौतुकानं ऐकायची, मग तीही चोरून बघायला लागली. माझी आई तुम्हाला भाकरी शिकवायला यायची ते आठवतं? तुमची भाकरी फाटायची, कडेला जाड आणि मधे भोक. आई परातीत पीठ मळून दाखवायची आणि तुम्ही त्याच परातीत कोरडं पीठ पसरून बोटानं तिला अक्षर काढून दाखवायचा. ती ते गिरवायची, आणि मग त्याच पिठाची भाकरी थापायची. "आजचं अक्षर पोटात गेलं, आता इसरायची न्हाई," असं आई म्हणायची आणि दोघी हसत बसायचात. स्टोव्हचा आवाज, धुरकटलेली खोली, कोपऱ्यात ट्रंकेवर ओळीनं लावलेली गोष्टीची पुस्तकं. त्या खोलीत मी तुमची एकदाच बोलणी खाल्ली. तुम्ही दिलेलं पहिलं पुस्तक मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणून दिलं होतं, डाग नाही, घडी नाही. तुम्ही ते चाळलंत आणि चिडलात. "हे देव्हाऱ्यात ठेवायला दिलं नव्हतं तुला. फाटलेलं मी चिकटवीन. न वाचलेल्याला काय करू?" मी पुस्तक परत नेलं आणि इतकं वाचलं की त्याचा कणा सुटला. तुम्ही ते चिकटवलंत, आणि माझ्यापुढं दुसरं ठेवलंत.

दुसऱ्या वर्षी शाळा तपासायला साहेब आले. जीप देवळापाशी थांबली. भिंती पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आम्ही सगळे मागं मागं, आणि तुम्ही त्यांच्या बरोबरीनं चालत होतात. आमच्या दारापुढं ते थांबले.

"म्या? अडाकलं? बाई, ही सरकारी शाळा आहे. मुलांची भाषा सुधारायला तुम्हाला इथं पाठवलंय, बिघडवायला नाही."

"साहेब, आधी त्यांना वाचायची गोडी लागू द्या. प्रमाण भाषा मी शिकवतेच आहे. तुम्ही मुलांना विचारून बघा."

"मला काही विचारायचं नाही. आजच्या आज सगळ्या भिंती पुसून टाका."

तुमचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तेवढ्यात माझे वडील खाचरातून आले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. माझे वडील तलाठ्यापुढंसुद्धा मान वर करून बोलत नसत. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "कुठली भित पुसायची म्हनता, सायेब?"

"ही, ती, सगळ्याच."

"शाळंची पुसा. शाळा तुमची. ही भित माजी हाय, सायेब. म्या सारवलीया आन् माज्या पोरीनं सांगितलेलं हाय त्याच्यावर. ही न्हाई पुसायची."

"माजीबी न्हाई!" शेजारून आजींचा आवाज आला. मग पलीकडच्या घरातून, मग खालच्या आळीतून. साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं. ते जीपमध्ये बसले, आणि जीप जाताना रस्त्यावरच्या कोंबड्या उडाल्या.

पुढच्या आठवड्यात तुम्हाला नोटीस आली. कार्यालयात हजर राहून खुलासा करा, नाहीतर दुसऱ्या तालुक्यात बदली. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, पण नोटीस घेऊन आलेल्या शिपायानं आमच्याकडं पाणी पिताना सांगून टाकलं. आई तशीच उठली. "बाईंनी येकटीनं का जायाचं?" ती घरोघर फिरली. त्या सकाळी तुम्ही फाट्यावर गाडीची वाट बघत उभ्या होतात, इस्त्रीची साडी, हातात पिशवी, आणि मागून आम्ही सगळे आलो. मुलं, त्यांच्या आया, काखेतली पोरं, घोरणाऱ्या आजी. तुम्ही रागावलात. "शाळा बुडवून कुठं निघालात सगळे?"

"बुडवली न्हाई," आई म्हणाली. "शाळा संगं घेतलीया, बाई."

कार्यालयात तुम्हाला आत बोलावलं आणि आम्हाला बाहेरच्या व्हरांड्यात बसवलं. आता आम्ही पोरं भिंती वाचायला शिकलेली. तिथल्या भिंतींवर तर जिथं तिथं लिहिलेलं. पहिलीतल्या एका पोरीनं सुरुवात केली, "ये-थे थुं-कू न-ये." दुसरा पुढच्या दारापाशी गेला, "कामाशिवाय आत येऊ नये." बघता बघता सगळे सुटले. पाट्या, सूचना, कपाटावरची नावं, पाण्याच्या पिंपावरचं लिहिलेलं, काही सोडलं नाही. कारकुनांनी पेनं खाली ठेवली. व्हरांड्याच्या टोकाला मोठी पाटी होती, ती सगळ्यांनी मिळून, गळ्याच्या शिरा ताणून वाचली: "शांतता राखा!"

दार उघडलं. जीपवाले आपले साहेब नव्हते. त्यांच्या वरचे, पिकल्या केसांचे मोठे साहेब बाहेर आले. मागं तुम्ही, पांढऱ्याफटक. "कोण ओरडतंय?" पहिलीतली पोरगी भिंतीकडं बोट करून म्हणाली, "हितं लिव्हलंय. शांतता राखा." मोठ्या साहेबांनी तिला विचारलं, "कितवीत तू?" ती म्हणाली, "पैलीत." त्यांनी मागं उभ्या असलेल्या जीपवाल्या साहेबांकडं वळून पाहिलं, मग माझ्याकडं. मी त्यातल्या त्यात मोठी दिसले असेन.

"तू सांग. 'म्या' बरोबर की 'मी' बरोबर?"

मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही काहीच खूण केली नाहीत, आणि बरं झालं केली नाहीत.

"घरी म्या, पुस्तकात मी. दोन्ही येतंय."

"मग बाईंनी तुम्हाला कुठलं शिकवलं?"

"म्या आमाला येतच हुतं," मी म्हणाले. "मी बाईंनी शिकवलं."

मोठे साहेब इतक्या मोठ्यानं हसले की 'शांतता राखा'ची पाटी वाया गेली. त्यांनी तुमच्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला. खुलासा झाला म्हणाले. भिंती राहू द्या म्हणाले. आणि जाताना म्हणाले, "बाई, हे दुसऱ्या गावांनाही दाखवा. मी गाडीची सोय करतो." आपले साहेबसुद्धा मनाचे वाईट नव्हते. पुढं एकदा त्यांनी आमच्या दारात उभं राहून वडिलांच्या हातचा गुळाचा चहा घेतला आणि भिंतीवरचं सगळं शांतपणे वाचलं. परतीच्या गाडीत आम्ही दर फाट्याला गावाची पाटी ओरडून वाचत होतो. विंझर! मार्गासनी! शेवटी कंडक्टरनं हात जोडले आणि म्हणाले, "आता तुमीच थांबे पुकारा, म्या बसतो." माझं तेव्हाच ठरलं की मोठेपणी हेच करायचं.

त्यानंतर तुम्ही एका वाडीच्या राहिलाच नाहीत. शनिवारी शाळा सुटली की पिशवी खांद्याला लावून डोंगरातल्या वस्त्यांवर, रविवारी संध्याकाळी परत. पुस्तकांची ट्रंक एसटीनं गावोगाव फिरायची, ड्रायव्हर कंडक्टर ती टपावरून हलकेच उतरवून द्यायचे. शिक्षकांच्या बैठकीत तुम्ही उभ्या राहिलात की पुढच्या रांगेतले आधी घड्याळ बघायचे आणि मग ऐकायला लागायचे. भोरच्या शाळेत जागा देऊ केली तेव्हा तुम्ही म्हणालात, "भोरमध्ये वाचणारी पुष्कळ आहेत." धरणाच्या पाण्यासाठी खालची आळी उठली तेव्हा त्या माणसांनी सामान टेम्पोत घातलं, पण भिंती कशा घालणार? तुम्ही त्यांच्याबरोबर नव्या वस्तीवर गेलात. नव्या विटांच्या घरांना गिलावासुद्धा व्हायचा होता, आणि पोरांनी आपापली वाक्यं तुम्हाला तोंडपाठ सांगितली. आधी ती लिहिली गेली, मग चुली मांडल्या गेल्या.

तुम्ही आजारी पडून भोरला गेलात आणि परत आला नाहीत. निरोप आला त्या दिवशी खोऱ्यातून टेम्पोमागून टेम्पो भोरला उतरले. तुमच्या घरापुढची गल्ली भरली, मग कोपऱ्यापर्यंतचा रस्ता भरला. कुठल्या कुठल्या वस्त्यांवरची माणसं, कुणी पायात चपलासुद्धा न घालता. तुमचे भाऊ ओट्यावर उभे राहून बघत होते. त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "ही सगळी तिच्यासाठी?" वडील म्हणाले, "व्हय. आन् मागनं आजून येत्यात." तुमचे भाऊ खाली बसले. "आम्हाला वाटायचं," ते म्हणाले, "ती तिकडं रानात एकटी आहे."

त्या आदेशाखाली सही आहे ती तुम्ही अगदी शेवटच्या वर्षी पहिलीत घेतलेल्या मुलीची. आज तालुक्यातल्या सगळ्या शाळा तिच्या हाताखाली आहेत. सरकारी गाडी असूनही परवा ती मुद्दाम माझ्या गाडीनं आली, पुढच्या सीटवर बसली आणि कागद माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ताई, आधी तुम्ही वाचा, मग मी शाळांना पाठवते." मी वाचला. गाडीतली माणसं म्हणाली मोठ्यानं वाचा, म्हणून मोठ्यानं वाचला. एक म्हातारबाबा म्हणाले, "लई उशिरा सुचलं सरकारला." ती खळखळून हसली. "सरकारला नाही बाबा, सरकारला आमच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं."

आणि काल काय झालं ते ऐका. काल माझी ड्युटी भोंगवलीच्या गाडीवर होती, किकवीवरून. तो भोर तालुका, आदेश वेल्ह्याचा. तिथल्या शाळेला कुणी काही सांगितलेलं नाही. गाडी गावात थांबली तर समोरच्या घराच्या भिंतीवर चुन्यानं ताजं लिहिलेलं, आणि एक एवढीशी पोरगी त्यावर हात ठेवून वाचत होती: 'आमच्या इहिरीत कासव हाय. ते मला वळाकतं.' उतरणारे उतरले, चढणारे चढले. मी घंटी दिली नाही. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. पोरगी 'वळाकतं'वर अडली. गाडीतल्या बायका खिडकीतून वाकल्या, पण कुणी तिला सांगितलं नाही, सगळे थांबून राहिले. ती पुन्हा मागं गेली, 'ते मला' पासून निघाली, आणि या वेळी तडीला गेली. अख्ख्या गाडीनं टाळ्या वाजवल्या. शेजारी तिची आई धुणं वाळत घालत होती. मी विचारलं, "कुणी शिकवलं हे भिंतीवर लिहायला?" ती म्हणाली, "शाळंतल्या सरांनी. पर आता लई गावांत असंच करत्यात की." जणू हे पूर्वीपासून असंच चालत आलंय. गाडी डेपोत उशिरा पोचली. कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, वाटेत थांबावं लागलं.

बाई, हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि कुणाला दाखवायचंही माझ्या मनात नाही. पुढची फेरी लागली, ड्रायव्हर हाक मारतोय. एक कबूल करते. लिहायला बसले तेव्हा मी रुमाल काढून मांडीवर ठेवला होता, कारण गेलेल्या माणसाला लिहायचं म्हणजे रडू येणारच असं मला वाटलं होतं. ते काही आलं नाही. उलट मधेच एकदा इतकं हसू आलं की शेजारच्या बाकावर झोपलेली कंडक्टरीण उठून विचारायला लागली, काय गं, काय झालं? मी तिला सांगितलं, काही नाही, आमच्या बाईंची आठवण आली.